नवरात्रातलं मलम

"वाटाण्याएवढांच, मावशे. आणि आठवड्यात दोनच राती. रोज लावचां नाय. ऐकलां मा?"

औषधांच्या दुकानातल्या विनिताने हे मला घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. आठवलं मात्र अष्टमीच्या सकाळी, परसात फुलं काढताना. जास्वंदीची फांदी ओढली तसं पानांवरचं दव गालावर सांडलं आणि मी चटका बसल्यासारखी मागे सरले. दव गारच होतं. पेटला होता तो माझा गाल.

परडी तुळशीपाशी ठेवून मी घरात आले आणि आरशात पाहिलं. नाकाच्या दोन्ही अंगांनी आणि हनुवटीवर कातडीचे पापुद्रे सुटले होते. गाल असे लाल की जणू दिवसभर काजूच्या बिया भाजायला बसले होते. मागे वहिनी चहाचा कप घेऊन येऊन उभी राहिली. सुमंगला तिचं नाव, माझ्या मोठ्या भावाची बायको. आरशातूनच तिने मला नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "बाय, रातीं काय बाधलां गो तुका?"

बाधलं काही नव्हतं. मी नेम केला होता.

तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही. सोमवारी एकवेळ जेवते, शुक्रवारी देवीचा उपास. हे कोणी लावून दिलेलं नाही. माझं मीच धरलं आणि कधी सोडलं नाही. नेम हा रोजचा असतो. आठवड्यातून दोनदा करायची ती हौस झाली. त्यात नवरात्र. नवरात्रात धरलेली गोष्ट मधेच एक दिवस गाळायची, हे माझ्या मनाला शिवलंच नाही. विनिता दोन राती म्हणाली तेव्हा मला वाटलं, शिकलेली पोर आहे, जपून सांगते. घट बसला त्या रात्री आरती म्हटली, समईची वात सारखी केली आणि निजण्याआधी तोंडाला मलम लावलं. दुसऱ्या रात्री लावलं, तिसऱ्या रात्रीही लावलं. पुढे जळजळायला लागलं तेव्हा तर बरंच वाटलं. म्हटलं, गुण येतोय. देवाच्या दारात काही मागायचं तर थोडं सोसावं लागतं, हेच मी लहानपणापासून बघत आले होते. मलमालाही मी तोच न्याय लावला.

मी पेडण्याच्या बाजारात साड्यांच्या दुकानात काम करते. पोरसवदा वयात लागले, आता पंचावन्न पुरी झाली. लग्न झालं नाही. का झालं नाही ती गोष्ट वेगळी आहे आणि ती मला सांगायची नाही. दुकान सगुणबाबांचं. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून पुढच्या फळीवर, गिऱ्हाइकांसमोर, उभं केलं. आमच्याकडे लग्नाच्या साड्या घ्यायला माणसं आली की आधी देवीची साडी निघते. ओटी भरायची ती साडी पसंत करून बाजूला ठेवली की मगच नवरीच्या साड्यांना हात लागतो. देवीची ती साडी उघडायला बायका मला बोलवायच्या. मी पूजा करून येते, उपास पाळते, हे बाजारात सगळ्यांना माहीत. मी मागच्या नळावर हात धुऊन यायची, कोऱ्या पंच्याला पुसायची आणि मग घडी मोडायची. त्यासाठी शिरगावच्या, लाटंबार्सेच्या बायका म्हापशाचा बाजार ओलांडून आमच्याकडे आलेल्या आहेत. घरी मी बाय असते, आत्ये असते, कोणाची तरी नणंद असते. विनोदिनी म्हणून मला हाक मारतात ती त्या फळीवर.

सगुणबाब गेल्यावर दुकान निलेशकडे आलं. त्यांचा मुलगा. तो वाईट नाही; अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून मला मावशी म्हणतो. त्याने दुकानात पांढरेधोप दिवे लावले, एका भिंतीला पूर्ण आरसा बसवला आणि सिद्धी नावाची एक नवी मुलगी कामाला ठेवली. मग मोबाइलवर साड्यांचे व्हिडिओ काढून टाकायला लागला. पहिला व्हिडिओ माझा काढला. हिरवी साडी, जरीचा काठ. मी ती खांद्यावर टाकून तिच्याबद्दल बोलले. निलेशने तो दोनदा बघितला, मान वाकडी केली आणि पुसून टाकला.

"आवाज तुमचो झकास आसा, मावशे," तो म्हणाला. "पण साडी सिद्धी धरतली. तुमी बाजूक ऱ्हवान बोला."

तसंच झालं. सिद्धीच्या तोंडावर माझा आवाज चिकटला. दोन दिवसांनी एक गिऱ्हाईक सिद्धीला म्हणालं, तुझा आवाज किती गोड गो. सिद्धी बिचारी माझ्याकडे बघून साडीच्या घडीत शिरायला जागा शोधत होती. मी म्हटलं, असू दे.

त्या संध्याकाळी दुकान आवरताना मी भिंतभर आरशासमोर एकटी उभी राहिले. त्या दिव्यांखाली काही झाकून राहत नाही. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी ओढल्यासारख्या रेघा, गालांवर वांग, डोळ्यांखालची कातडी धुऊन धुऊन विरलेल्या पातळासारखी. माझ्या आईचं तोंड होतं ते. आई गेली तेव्हा सत्तरीची होती.

बस-स्टँडजवळच्या औषधांच्या दुकानात मी आधी दोनदा जाऊन खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आले. तिसऱ्यांदा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिथल्या विनिताला हळूच विचारलं, सुरकुत्यांवर काही असतं का. कोणासाठी, तिने विचारलं. माझ्यासाठी, मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला किती वेळ लागला असेल ते तुळशीलाच ठाऊक.

तिने चार-पाच खोकी माझ्यासमोर मांडली. सगळ्यांवर रेटिनॉल लिहिलेलं. मी त्यातलं सोनेरी अक्षरांचं, सगळ्यात मोठा आकडा छापलेलं उचललं. तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. आकडा मोठा म्हणजे गुण मोठा असं नसतं म्हणाली. ज्या कातडीने हे कधी बघितलं नाही तिला सगळ्यात सौम्य द्यायचं. एक काचेची बरणी फार देखणी होती, देवापुढे ठेवावी अशी. तीही तिने मागे सारली. बरणी रोज उघडायची, म्हणजे वारा आणि उजेड लागून आतलं औषध मरून जातं. बंद नळीतलं घ्यायचं. अत्तराच्या वासाचं नको. पातळ नको, माझी कातडी कोरडी, मला मलमच बरं. आणि ज्या खोक्यावर नुसतं तारुण्य-तारुण्य लिहिलंय, पण आत औषध किती ते कुठेच लिहिलेलं नाही, ते तर हातातही धरायचं नाही. बावचीच्या बियांपासून केलेलं एक होतं. ज्यांना रेटिनॉल सोसत नाही त्यांच्यासाठी ते सौम्य पडतं म्हणाली. बावची नाव ओळखीचं, म्हणून माझा हात तिकडे वळत होता. पण मला सोसणार नाही असं आधीच का धरून चालायचं?

शेवटी दोन राहिली. तेव्हा मी मनातलं विचारलं. "ह्यात मासळीचां तेल बी नाय मा?"

"तुमी मासळी खाणात नाय?"

"खातंय. पण सोमवारी नि शुक्रवारी नाय."

विनिता हसली नाही, याचं मला अजून बरं वाटतं. तिने चष्मा चढवून त्यातल्या सौम्य मलमाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, कारखान्यात बनवलेलं आहे, जिवाचं काही नाही म्हणाली आणि खोक्यावरची हिरवी खूण बोट ठेवून दाखवली. मग उन्हात जाताना लावायची दुसरी एक नळी बाजूला ठेवली. ही घेणार नसाल तर मलमही देणार नाही, म्हणाली. रात्री हे लावायचं आणि दिवसा उघड्या तोंडाने बसची वाट बघत उन्हात उभं राहायचं, याचा उपयोग नाही. पहिल्यांदा कानामागे लावून बघा. कोरड्या तोंडाला लावा. फरक दिसायला तीन महिने तरी जातील.

"आणि सुरकुत्यो जावच्यो नाय, मावशे. थोड्यो बारीक जातल्यो. खोटां सांगणंय नाय."

मी म्हटलं, चालेल. आत गेले होते ती दुकानासाठी, निलेशच्या दिव्यांसाठी. पिशवी घेऊन पायरी उतरले तेव्हा ते दिवे डोक्यात नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक वस्तू फक्त माझ्या अंगासाठी निवडून, विचारून, पारखून घेतली होती. तेवढंच घेऊन मी बसमध्ये बसले.

आणि मग नवरात्रात त्याचा नेम करून ठेवला.

अष्टमीला वहिनीने फ्रिजात दह्यामागे ठेवलेली नळी शोधून काढली. विनिताने गार जागी ठेवा म्हटलं होतं. दादा पेपर वाचत चहात पावाचा उंडा बुडवत होता. वहिनीने नळी त्याच्यासमोर मेजावर आणून ठेवली, पोलिसाने मुद्देमाल ठेवावा तशी.

"बघितलांत? बाय तोंडाक हां लायता. ह्या वयात कोणाक दाखवचां आसा गो तुका?"

मी कधी आवाज चढवत नाही. मला तो चढवताच येत नाही. मी दादाला विचारलं, "दादा, गेल्या वर्सा देवीक वज्रलेप केलो, तो कित्याक?"

दादा देवळाच्या कमिटीवर आहे. त्याने पेपर खाली केला. वर्षानुवर्षांच्या अभिषेकाने पाषाण झिजला होता, नाक-डोळे पुसट झाले होते, पुढे तडा गेला असता, असं त्याने नीट समजावून सांगितलं.

"मगे देवीक कोणी विचारलां, ह्या वयात कोणाक दाखवचां आसा म्हणान?"

वहिनी म्हणाली, "देवीची बरोबरी करतंस?"

"बरोबरी नाय गे. ती पाण्यान झिजली, मी उनान झिजलंय. तितक्यांच."

दादाचा उंडा चहात पडला. तो चमच्याने काढता काढता तो म्हणाला, नळी फ्रिजात दह्यामागे तेवढी ठेवू नको, माझ्या हाताला लागली तर मी भाकरीवर लावून खाईन. वहिनीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. फेकून दे ते, म्हणाली. मी म्हटलं, "बंद करतंय. फेकूचंय नाय."

दुकानात जाण्याआधी मी विनिताकडे गेले. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि किती राती लावलं ते विचारलं. मी सांगितलं. का, तेही सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"मावशे, तुमच्या नेमाक माझो नमस्कार. पण कातीक नेम कळणा नाय. तिका मधे विसावो होयो."

तोंड पूर्ण निवेपर्यंत मलम बंद, साधी कोल्ड क्रीम, छत्री. पाणी सुटलं किंवा सूज आली तर सरळ डॉक्टर. निवल्यावर पुन्हा धरायचं, पण आठवड्यात एकच रात. मी विचारलं, एक रात म्हणजे शुक्रवारी चालेल का. चालेल, म्हणाली, आणि या वेळी हसली.

दुकानात निलेशने मला दारातच थांबवलं. दसरा तोंडावर, मग पुनवेची जत्रा; पेडण्यात वर्षाची गर्दी तीच. त्याने ड्रॉवरमधून मास्क काढून दिला आणि चार दिवस मागच्या खोलीत बसून किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवा म्हणाला. तोंड खरंच बघवत नव्हतं. मी मुकाट्याने पडद्याआड गेले. चूक माझी होती.

पण दसरा झाल्यावर त्याने मागच्या खोलीत नवा पंखा आणला. खुर्ची आणली, तिच्यावर उशी. "तुमका हंयच बरां, मावशे. उबां ऱ्हवान पाय दुखतत मा तुमचे?"

माझे पाय दुखतात असं मी कोणालाच कधी म्हटलं नव्हतं. ती उशी बघून मला सगळं कळलं. तोंड बरं झालं की मी पुढे येणार, असं मी सांगितलं. तो मोबाइलकडे बघत बघूया म्हणाला. मग त्यालाच ते लागलं असावं, कारण तो परत वळला आणि मऊ आवाजात म्हणाला, "खरां सांगू? आता गिऱ्हाईक आधी तोंड बघता. तुमी कितीय क्रीमां लावलात तरी... समजा मा."

मी समजले. वहिनीने विचारलं होतं, दाखवायचं कोणाला. निलेश म्हणत होता, दाखवू नका. दोघांचं एकच म्हणणं होतं. या वयाच्या तोंडाने पडद्यामागे जावं आणि आपण होऊन जावं. त्या दिवशी मी चिठ्ठ्या चिकटवल्या, पण त्या खुर्चीत बसले नाही. साड्यांच्या गाठोड्यावर बसले.

पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी लाटंबार्सेहून यशोदाचा फोन आला. लेकीचं, मनीषाचं, लग्न ठरलंय, आज साड्या घ्यायला येतेय. "तू आसंस मा?" तिने दोनदा विचारलं.

यशोदाच्या लग्नाच्या साड्या मी दाखवल्या होत्या. नवी नवरी, सासरच्या बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून बसलेली. तिला काय आवडतंय ते कोणी विचारत नव्हतं. मी नुसत्या घड्या मोडत गेले आणि जिथे तिचे डोळे थांबले ती साडी वर ठेवत गेले. पुढे मनीषाच्या बारशाला देवीची साडी घ्यायला ती दुकानात आली तेव्हा पोर माझ्या मांडीवर देऊन म्हणाली, हिच्या लग्नातली देवीची साडीही तूच उघडायची. मी उघडीन म्हटलं. देवीची साडी समोर होती आणि हात तिच्यावर होता. असा शब्द मी उगाच देत नाही.

मी निलेशला सांगितलं, आजच्या दिवस मला पुढे यायचंय. त्याने कारण ऐकून घेतलं. सिद्धी दाखवेल म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्याने मावशी म्हणणं सोडलं.

"आज तुमी भायर येव नकात. आयलात तर मगे माका तुमचो दुसरो विचार करूक लागतलो."

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला. हे दुकान गेलं तर या वयात मला दुसरं कोण उभं करील? म्हापशाच्या दुकानांतून सगळ्या सिद्धीच्याच वयाच्या पोरी. मग घरीच बसायचं, वहिनीच्या हाताखाली.

दुपारी पडद्यापलीकडे यशोदाचा आवाज आला. तिच्याबरोबर मनीषा, आणि मनीषाची मावशी असावी. पाणी दिलं गेलं. विनोदिनी कुठे, यशोदाने विचारलं. निलेश म्हणाला, त्या रजेवर आहेत, बऱ्या नाहीत.

"माझ्याकडे सकाळी फोनार उलयली ती," यशोदा म्हणाली. "काय झालां तिका?"

निलेशने काही तरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. मग फळीवरून साड्या काढल्याचा आवाज. पहिलीच घडी मोडली ती नवरीची असावी, कारण मनीषाची मावशी बाई गो, काय रंग, म्हणाली. आणि यशोदाचा आवाज आला, हळू, पण दुकानभर. "आधी देवीची."

सिद्धी अडखळत म्हणाली, "ती... विनोदिनीमावशी उघडता."

"मगे आमी थांबतंव," यशोदा म्हणाली.

मी उठले. मास्क काढून चिठ्ठ्यांच्या पेटीत टाकला. नळावर हात धुतले, मनगटापर्यंत, आणि पुसले. मागच्या फळीवर देवीसाठीच्या साड्या वेगळ्या कपड्यात बांधलेल्या असतात. त्यातली हिरवी, लाल काठाची वर घेतली. उजव्या गालावर एक पापुद्रा सुटायला आला होता, बोटाने ओढला असता तर निघाला असता. तो तसाच राहू दिला. साडी दोन्ही हातांवर आडवी धरली आणि हात मोकळे नव्हते म्हणून खांद्यानेच पडदा बाजूला सारत पुढे निघाले.